तीन मुकादम, एक गळा

गेवराईच्या स्टँडवर मला सोडायला दोघंच आलते. अण्णा, म्हंजे माझे वडील, आन् बाळ्या, शाळंपासूनचा दोस्त. गाडी लागली तरी अण्णांचं एकच चालू, "वकील न्हाई, पोलीस न्हाई, मंग तू व्हनार काय रं नेमकं?"

"फॉरेन्सिक अकाउंटंट, अण्णा. हिशोबातली चोरी धरायची."

"म्हंजे लोकांचा वाईटपणा घ्यायची नोकरी!"

तेवढ्यात बाळ्यानं खिडकीतून डोकं घातलं आन् आमच्या हेडसरचा आवाज काढला. आधी तो घशात अडकलेला खोकला, मंग, "मुलांनो, हे गाढव शहरात चाललंय, टाळ्या वाजवा!" अख्खी गाडी हसली. तो खोकला मीच त्याला शिकवलता. गॅदरिंगला आमी दोघं मिळून अख्खा गाव उभा करायचो.

पुण्यात मला नक्कलच कामाला आली. पंधरवड्यात 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाई'चं 'नाही'. एसीत बसून एक्सेल बघायचं आन् गोड हसत विचारायचं, "अच्छा, म्हणजे नक्की काय झालं?" पन बूड काई एका जागी टिकंना. रूम बदलल्या, मेस बदलल्या. रविवारी बीडच्या गाड्या लागतात तिथं जायचो, पाट्या वाचायचो, परत यायचो. कशापायी जायचो, ते इचारू नका.

मंग एका साखर कारखान्याचं काम आलं. ऊसतोडीच्या टोळ्या आनायला मुकादमांना उचल, म्हंजे आगाऊ पैशे, दिलती. ते मुकादम खरेच हायेत का, येवढंच बघायचं. हाफिसात कुनाला मुकादमांची बोली कळंना, म्हणून आमच्या वरच्या मॅडमनी फोन माझ्याकडं दिले. मी आपला पुणेरी गळा लावला, "नमस्कार, मी पुण्याहून बोलतोय. आपला दोन मिनिटं वेळ घेऊ का?"

खरा मुकादम लगेच वळखू येतो. कोयते किती, म्हंजे तोडीला नवरा-बायकोच्या जोड्या किती, म्हणून इचारलं की आकडा नंतर, आदी शिव्या. कोन उचल घेऊन पळालं, कोन ऐन टायमाला दुसऱ्याच्या टोळीत गेलं, हे सांगितल्याबिगर त्यो फोन ठेवत न्हाई. पन तिघं लई सरळ निघाले. पैला गेवराईकडचा, दुसरा बीडजवळच्या पालीचा, तिसरा आष्टीचा. तिघांच्याबी टोळीतून एकबी मानूस पळालेला न्हाई! असली टोळी सपनातबी नसती.

आष्टीवाला तर म्हाताऱ्याच्या आवाजात बोलत व्हता. आन् मधीच खोकला.

त्यो खोकला आमच्या हेडसरचा. तिन्ही गळे बाळ्याचेच व्हते.

बाळ्या कारखान्याच्या गावाकडच्या हाफिसात चिकटलाय, ते मला ठाऊक व्हतं. पैशे वरच्या साहेबानं खाल्ले, बाळ्याला फकस्त फोन उचलायचं काम, हे मागून कळलं. पन त्या टायमाला माझ्यापुढं येवढंच व्हतं: 'खात्री झाली' लिहायचं का दोस्ताचं नाव सांगायचं. फोनवरचा म्हातारा म्हनत व्हता, "सायेब, तुमी कुनीकडचे? आवाज वळखीचा वाटतोय." मी फोन ठेवला.

दिवसभर जिना चढलो, उतरलो. मंग मॅडमच्या केबिनमधी गेलो आन् हाफिसात पैल्यांदाच तोंडातून गाव निघालं, "मॅडम, ह्ये तिन्ही एकच मानूस हाय. माझा दोस्त हाय."

त्यांनी इचारलं, "नाव?"

मी सांगितलं.

साहेबाची बदली झाली. बाळ्याची नोकरी गेली.

दिवाळीला स्टँडवर उतरलो तर बाळ्या च्याच्या टपरीवर. शिव्या खायची तयारी करूनच पुढं गेलतो. त्यानं नुसता मोबाईल कानाला लावला आन् मोठ्यांदी म्हनला, "नमस्कार, मी पुण्याहून बोलतोय. आपला दोन मिनिटं वेळ घेऊ का?"

हुबेहूब. ते गोड हसू, मधला तो श्वास, समदं. टपरी हसून लोळली. मी जन्मभर लोकांच्या नकला केल्या, माझी कुनी केली न्हवती. मला कोन्या आवाजात उत्तर द्यावं, तेच सुचंना.

"गप कावून रं? च्या पी," बाळ्या त्याच्या सोताच्या आवाजात म्हनला. "पैशे तूच दे. मला नोकरी न्हाई."

मी दोघांचेबी दिले. त्याच्या शेजारी बाकावर जागा व्हती. त्यानं नको म्हनलं न्हाई, पन बस बी म्हनलं न्हाई. मी उभ्यानंच च्या पेलो.

तुमी गावात राहिलेले असा न्हाईतर माझ्यावानी भाईर पडलेले, आता माझं गाव इचाराल तर ती बाकावरची जागा हाय. मोकळीच हाय. पन कुनी बस म्हनल्याबिगर टेकवत न्हाई.