आमच्या ग्राऊंडचं स्टेडियम झालं

आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा मी गोलकीपर. शाळा नववीत सुटली, बोलणंही कमीच. पण गोलपोस्टमध्ये उभं राहिलं की सगळं दिसतं आणि किस्से आपोआप साठतात. आमच्या ग्राऊंडवर सरकारी खर्चानं स्टेडियम बांधायचं ठरल्यापासून तर जास्तच साठलेत.

•

स्टेडियममध्ये खेळणार होती बाहेरच्या एका कंपनीची टीम. पेठेतल्या मीटिंगमध्ये सरकारी साहेबांनी पडद्यावर स्टेडियमचं चित्र दाखवलं. खुर्च्या, झाडं, पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा होत्या! आमचे कोच बंडातात्या दुधाचा टेम्पो चालवतात. ते मागून म्हणाले, "साहेब, लई झ्याक! पर ह्यात आमची पोरं कुठं हायत?"

"पोरं नंतर टाकू," साहेब म्हणाले.

•

नारळ फुटला तेव्हा पुढारी म्हणाले, "हे स्टेडियम तुमच्याच घरफाळ्याच्या करातून उभं राहतंय! आणि कंपनीच्या टीममध्ये दोन स्थानिक खेळाडू घेणारच!"

सगळे सुनीलकडं बघायला लागले. सुनील आमचा फॉरवर्ड. पेठेत त्याच्यासारखा दुसरा नव्हता, पण वयाच्या अटीमुळं कंपनीच्या टीमची ही एकच ट्रायल त्याला देता येणार होती.

"तात्या, एक जागा माझी," तो म्हणाला.

"आन् दुसरी रं?"

"दुसरी बी माझीच. पाय दोन हायत की!"

•

उन्हाळ्यात पेठेला पाणी दोन दिवसांआड. स्टेडियमच्या गवताला मात्र रोज टँकर! एकदा पेठेतल्या शांताक्का घागर घेऊन टँकरला आडव्याच गेल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ह्ये गवताचं पाणी हाय."

"व्हय? मग सांग तुझ्या गवताला, घरफाळा भर म्हणावं!"

घागर भरूनच बाई हलल्या.

•

गवत खराब होईल म्हणून आम्हाला आत सोडत नव्हते. बाजाराच्या मागं खडीचं पटांगण आहे, तिथं प्रॅक्टिस चालायची. ट्रायलला आठ दिवस राहिले असताना सुनील बॉल घेऊन वळला आणि पडला. गुडघ्याचा आवाज मला गोलमध्ये ऐकू आला.

मी आणि तात्या त्याला घेऊन गेलो, डॉक्टरांनी एमआरआय बघितला. लिगामेंट तुटलं होतं. म्हणाले, "असल्या खडीत कशाला खेळता रे? एवढं चांगलं स्टेडियम झालंय की!"

तात्या डॉक्टरांच्या फॅनकडंच बघत राहिले.

•

ट्रायल झाली. आमच्यातला एकही घेतला नाही. पण मॅचला स्ट्रेचर उचलायला चौघं हवे होते, ते मात्र स्थानिक घेतले. मी एक. सुनील लंगडत होता, तरी तात्यांनी शब्द टाकून त्यालाही लावून दिलं.

पहिली मॅच दुपारची. स्टँडमध्ये अख्खी पेठ. दुसऱ्या हाफमध्ये कंपनीचा फॉरवर्ड पाय धरून लोळायला लागला. आम्ही पळालो, सुनील फरफटत मागं. त्या फॉरवर्डला उचलून चार पावलं गेलो नाही, तोच गडी टुणकन उतरला आणि पळत परत खेळायला गेला!

आम्ही चौघं रिकामं स्ट्रेचर धरून उभे.

स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "सुन्या, आता तूच झोप की त्यात!"

हशा पिकला. सुनीलही हसला. त्यानं स्ट्रेचर गवतावर टेकवायला लावलं आणि खरंच त्यात आडवा झाला.

"उचला रं," म्हणाला.

आम्ही तिघांनी उचललं. बाहेरची लाईन अगदी जवळ होती, तिकडं वळलो.

"तिकडनं नगं," सुनील म्हणाला. "अख्ख्या ग्राऊंडवरनं न्या."