बासष्ट भागाकार

लालबागला आमच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी सह्या घ्यायचं काम माझ्याकडे होतं. तक्त्यावरच्या प्रत्येक ओळीला शहरभराचा सलग क्रमांक घातलेला असे. ताईची सही ९५४७७ क्रमांकावर पडली. ती क्षयाने अंथरुणाला खिळलेली. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आली होती, शिक्षिका व्हायचं ठरवून बसली होती. सही करून तिने क्रमांकाकडे पाहिलं.

"ही मूळ संख्या असेल का रे?"

म्हणजे एक आणि ती स्वतः, एवढं सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी. ते ठरवायची रीत तिनेच मला समजावली. दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्यांनीच क्रमाने भागत जायचं. ३०९ चा वर्ग ९५४७७ च्या पुढे जातो, म्हणून तिथवर कशानेच पूर्ण भाग गेला नाही तर पुढे बघायला नको. एकूण त्रेसष्ट भागाकार. तिला फार वेळ बसवत नव्हतं, दिवसाला दोन-तीनच व्हायचे. कागद मी चळवळीची पत्रकं वाटायचो त्यातल्या उरलेल्यांचे. मागची कोरी बाजू तिची. दर वेळी बाकी किती उरली ते मला हाक मारून सांगायची.

मला तेवढा धीर नव्हता. पत्रकं वाचूनच मी मोठा झालो होतो. शंभरपर्यंत भाग गेला नाही एवढं कळताच मी परळच्या छापखान्यात मजकूर दिला: 'माझ्या आजारी बहिणीच्या सहीचा क्रमांक ९५४७७. या संख्येचे तुकडे होत नाहीत. मुंबईसह महाराष्ट्राचेही होणार नाहीत.' नाक्यावर लोकांनी ते मोठ्याने वाचलं, मला शाबासकी दिली.

ताईने शांतपणे वाचलं. "माझं अजून झालेलं नाही."

मी म्हटलं, मागणी तर खरी आहे ना?

"आहे. म्हणूनच तिला न तपासलेल्याचा टेकू देऊ नकोस."

त्यानंतर ती बाकी सांगेनाशी झाली. मीही विचारलं नाही. भागाकार मात्र चालू होते.

ती गेल्यावर आईने तिचं अंथरूण जाळायला काढलं, तेव्हा उशीखाली कागदांची चळत निघाली. शेवटचा भागाकार २९३ ने, बाकी २५२. आकडे ओळीखाली घसरलेले. बासष्ट झाले होते. वरच्या कागदावर तिने ३०७ मांडून ठेवले होते, पुढे काही नाही.

तिचीच पेन्सिल घेऊन मी गॅलरीत बसलो. तीनदा भाग गेला, मग एकदा, मग पुन्हा एकदा. ३११. बाकी शून्य. दोनदा पडताळून पाहिलं.

कागद उलटला तर ठळक छापील अक्षरांत माझंच ते ९५४७७चं पत्रक.

आईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय तिनं?"

"गणित आहे. शेवटचं राहिलं होतं."

"बरोबर आलं?"

"तिचं सगळं बरोबर होतं, आई. चूक माझी आहे, ती मी छापली."

आईने उरलेली चळत जाळायला घेतली. तो एक कागद माझ्या हातात राहू दिला.