भोपळा सोडण्याची घाई

प्रभाकर वैशंपायनच्या बारशालाच कुणी त्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं की काय, देव जाणे. माणूस सरळ, निर्व्यसनी. ठाकुर्लीच्या वीजघरात कारकून, डोंबिवलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पण धीर म्हणून औषधालाही नाही. कुंडीत धने पेरले की तिसऱ्या दिवशी माती उकरून बघणार. विरजण लावलेलं पातेलं हलवून बघणार आणि वर बायकोलाच विचारणार, "अजून लागलं नाही?" हार्मोनियम शिकायला घेतली, आठवड्यात भैरवी वाजेना म्हणून परत केली. मधमाश्यांची पेटी आणली. तिचं पुढे काय झालं ते त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यानंच सगळ्या वीजघराला सांगितलं. ठाण्याला दिलेली बहीण सरोज म्हणायची, "दादा, तू नुसता आरंभशूर!" तो हसून साजरं करायचा, पण ते त्याला लागायचं.

बायको सुहासिनी माणदेशातली. तिच्या गावी उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी विहिरीवर तासभर ताटकळायचं. अंग बुडेल एवढं पाणी असतं हे तिला लग्न होईपर्यंत ऐकूनच माहीत. त्रेपन्नच्या हिवाळ्यात भाजी देणाऱ्या रंगूबाईच्या शेतावर ती वाल आणायला गेली, तेव्हा रंगूबाईचा पोहरा विहिरीत पडला. रंगूबाईनं कासोटा खोचला, धपकन उडी मारली आणि पोहरा घेऊन वर आली, जशी काही माजघरात जाऊन आली. त्या संध्याकाळी सुहासिनी नवऱ्याला म्हणाली, "मला पोहायचं शिकवाल?"

लग्नानंतर तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. प्रभाकर कोकणातला, चालायच्या आधी पोहलेला. त्याला आकाश ठेंगणं झालं.

रविवारी सकाळी, रान जागं व्हायच्या आत, दोघं विहिरीवर जाऊ लागली. काठावर रंगूबाई सोबतीला, म्हणजे कुणी बोलायला नको. तिनंच आपल्या वेलावरचा वाळलेला भोपळा दिला. तो पाठीला बांधला की नवशिक्याला बुडायची भीती नाही. पहिल्या दिवशी सुहासिनी शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं विचारलं, "तुम्ही धरलंय ना?" त्यानं हो म्हटलं. तिनं डोळे गच्च मिटले आणि पाण्यात पाऊल टाकलं. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून प्रभाकरला भरून आलं होतं. आपल्यावर कुणी एवढा भरवसा टाकेल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

तिनं एकच अट घातली. "भोपळा मी सांगेन तेव्हाच सोडायचा. आधी नाही."

"तू सांगशील तेव्हाच. शब्द दिला."

ती हळूहळू शिकत होती. हात छान मारायची, पाय छान मारायची. पण भोपळ्याची गाठ तीनतीनदा चाचपून बघायची. प्रभाकरला दिसत होतं की ती भोपळ्याच्या जिवावर पोहत नाही, उगाच पाठीवर ओझं वागवते आहे. होळीच्या सुमारास सरोज राहायला येणार असं पत्र आलं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं उलट टपाली कळवून टाकलं, "ये, तुझी वहिनी बिनभोपळ्याची पोहताना दाखवतो." मग सुहासिनीकडे विषय काढला. ती म्हणाली, "अजून थोडे दिवस असू दे ना."

"असू दे, असू दे," तो म्हणाला.

आणि सरोज आली त्या दुपारी, बायका आत बोलत बसल्या असताना, त्यानं मागच्या पडवीत बसून दाभणानं भोपळ्याला दोन भोकं पाडली. एक खाली पाणी शिरायला, एक वर हवा जायला. हात जरासा थांबला, नाही असं नाही. पण आता ती पोहतेच आहे, आपण फक्त तिला दाखवून देतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

रविवारी सरोजही काठावर येऊन बसली आणि सुहासिनी पाण्यात उतरली. एक फेरी झाली. दुसरी झाली. भोपळा पाण्यानं भरून तिच्या पाठीमागे मेल्यासारखा लोंबत होता आणि ती मजेत हात मारत होती. खरोखर पोहत होती. प्रभाकरला राहवलं नाही. तो टाळ्या पिटत ओरडला, "अगं, मागं बघ! भोपळा केव्हाच भरलाय! तू तुझी पोहतेयस!"

तिनं मागं बघितलं. आणि ती बुडाली.

प्रभाकरनं उडी मारून तिला लगेच वर काढलं. दोनचार घोट पाणी गेलं होतं, बाकी काही नाही. रंगूबाई पाठ चोळत ओरडत होती, "काय केलंस रं हे, भाऊ!" सरोज मात्र म्हणत होती, "वहिनी, अगं पोहलीस की तू!" सुहासिनीनं भोपळा पुढं ओढला, कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं. दोन्ही भोकांवरून तिनं बोट फिरवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. चिडली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "घरी जाऊ या."

त्यानंतर ती विहिरीत उतरली नाही. प्रभाकरनं माफी मागितली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी रागावले नाही हो. तुम्ही धरलंय म्हटल्यावर माझे डोळे आपोआप मिटायचे. आता मिटत नाहीत, त्याला मी काय करू?"

हे ऐकून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली त्याला. एक रविवार, फार तर दोन, आणि तिनं स्वतःच गाठ सोडली असती. तो आनंद तिचा होता, तो यानं बहिणीपुढे मिरवायला पळवला होता.

संसार चालू राहिला. शुभदा झाली, सुहासिनी हसायची, त्याला आवडतं म्हणून फणसाची भाजी करायची. पण तो स्टूल धरून उभा राहिला तरी ती आधी पायानं दाबून बघायची, मगच फडताळावरचा डबा काढायला चढायची. त्यानं नीट टेकवलेली शिडी पुन्हा टेकवायची. मुद्दाम नव्हे, तिलाही कळत नसावं. त्याला मात्र दर वेळी कळायचं. या वेळी उकरून बघायचं नाही, एवढं त्याला उमगलं होतं.

सत्तावन्न साली ती दोघं स्टेशनापलीकडे नवी जागा बघायला निघाली. वाटेत ओढ्यावर माडाचं एक खोड आडवं टाकलेलं होतं. प्रभाकर शुभदाला खांद्यावर घेऊन पलीकडे गेला, तिला खाली ठेवलं, मागं वळला आणि हात पुढे केला. सुहासिनीनं हाताकडे बघितलं, खोडाकडे बघितलं. मग पदर खोचून, एकेक पाऊल दाबून बघत, एकटीच येऊ लागली. मागं माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "अहो वैनी, धरा की हात, पुढं गेलो असतो आम्ही."

ती घाबरली नाही, थांबलीही नाही. हाताला न शिवता पलीकडे उतरली आणि पदर सोडत हळूच म्हणाली, "आता मागं घ्या हात. लोक बघताहेत."

"बघू देत," प्रभाकर म्हणाला. "मला घाई नाही."