उपरण्याखालचा एक गुण

देशाच्या आरोग्यधोरणाबाबत एक गंभीर निवेदन: माझी पीएचडी एका मळक्या उपरण्याखाली झाली. काल कपाटातून तेव्हाचा सर्व्हेचा फॉर्म निघाला आणि त्याच्या तंबाखू-शेणाच्या वासासरशी मी घोडेगावच्या बैलबाजारात जाऊन पोचलो.

सरकारी दवाखान्याला पाचपैकी किती गुण द्याल, एवढंच मी लोकांना विचारत होतो. ओळख करून द्यायला त्याच दवाखान्याच्या नर्सबाईंना मी हौसेनं सोबत नेलं होतं. आज असं करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढतो. बाईंकडे बघून जो तो पाच देत होता, आणि "सगळेच समाधानी निघाले तर प्रबंध विसरा," असं मार्गदर्शकांनी बजावलेलं.

मी रडकुंडीला आलो, तेवढ्यात बैलांचे दलाल तात्यांनी माझा हात उपरण्याखाली ओढला. तिथे बैलाचा भाव असाच, कुणाला दिसू नये म्हणून बोटं दाबून ठरतो. तोंडानं "पाच लिवा, सायेब," म्हणत त्यांनी माझं एकच बोट दाबलं.

"एक?" मी आनंदानं ओरडलोच.

नर्सबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तात्या, एकच व्हय?"

तात्या गडबडून बोलून गेले, "बाई, त्यो एक बी तुमचाच हाय. दवाखान्याला म्या कायबी दिलं न्हाई."