किश्श्यागणिक उतरणारा भाव

बायकोच्या आग्रहाखातर विकायला काढलेली माझी जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी बघायला काल गिऱ्हाईक आलं. त्या तरुणाने आधी किलोमीटरचा आकडा पाहिला.

"काका, फारच पळालीय हो ही!"

पळालीय? अहो, हिने पृथ्वीला इतक्या फेऱ्या मारल्यात की पृथ्वीलाच घेरी आली असेल! मी खुललो. दोन सीटांत सहा पाहुणे आणि एक फणस घालून आंबोली घाट कसा चढलो, ते सांगितलं.

"म्हणजे क्लच गेला," म्हणत त्याने भाव उतरवला.

पुराच्या पाण्यातून ही होडीसारखी तरली, तेही सांगितलं.

"म्हणजे खालून गंजली." भाव आणखी उतरला.

"अहो, तोंड आवरा," बायको कानाशी पुटपुटली. "दर किश्श्याला पैसे कमी होतायत."

किलोमीटरचा आकडा एकच. त्याला त्यात झीज दिसत होती, मला रस्ते. उन्हात चकाकणारे, कडेला करवंदांचे द्रोण मांडलेले. दोघांचंही खरंच होतं. पण भाव ठरतो तो झिजेचा. रस्ते कोणी मागत नाही, आणि ते काढून देताही येत नाहीत.

हे उमगलं आणि मी शांतपणे तिसरा किस्सा काढला, हिमालयातला. तिकडे ही गाडी कधी गेलेलीच नाही. चौथ्या किश्श्यात तर इंजिनाने बर्फ खाल्ला.

त्याने शेवटचा भाव सांगितला.

"एवढ्यात जुनी स्कूटर तरी येते का?" बायको उसळली. "नाही विकायची आम्हाला!"

मी जमेल तेवढं तोंड पाडलं आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आलो.