मैदानावरचा मका

जळगाव स्टँडवरून धुळ्याची गाडी सुटली. मला खिडकीची जागा मिळाली होती, तरी मी दोनदा उठून वरची पिशवी चाचपली. पिशवीत बॉल, शिट्टी आणि घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुलाखतीची साडी. मी कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. जूनमध्ये नेमणूक होते, एप्रिलमध्ये हातात नारळ मिळतो, की पुन्हा नवं गाव. साक्रीच्या पुढे एका कॉलेजात कायम जागा निघाली होती. निघताना मी दादाला सांगून टाकलं होतं, "ही मिळाली नाही तर शिट्टी खुंटीला. मग मी तुझ्या पाइपच्या दुकानात बसणार." दादाला हे केव्हाचं हवं होतं.

एरंडोलच्या गतिरोधकावर गाडी उडाली, पिशवी खाली आली आणि बॉल टपटपत थेट ड्रायव्हरपाशी गेला. कंडक्टरने तो काखेत धरून आणला. "मॅडम, याचं हाफ तिकीट काढू का?"

शेजारी पारोळ्याला उतरणारे टोपीवाले आबा होते. त्यांनी विचारलं, "काय करता, ताई?"

"बास्केटबॉल शिकवते."

"बरं. आन् नोकरी?"

आख्खी गाडी हसली. मीही हसले, पण लागायचं ते लागलंच.

याच एरंडोलला मी पहिल्यांदा 'मॅडम' झाले. मैदानाला रिंग एकाच बाजूला होती. मुली अर्ध्या मैदानातच खेळायला शिकल्या आणि बाहेरगावी सामन्याला गेल्या की मधल्या रेषेपाशी येऊन थांबायच्या. मी बाहेरून ओरडून घसा फोडायची, "पुढे जा गं, पुढेही मैदान आहे!" त्यांना ते कळेपर्यंत माझा एप्रिल आला.

धुळ्याला गाडी बदलायची होती. चहा घेतला, तोही उभ्यानेच. या गावात मी स्वतः खेळले आणि पुढे शिकवलंही. माझ्या मुली जिंकायला लागल्या, तेव्हा तिथे कायम जागा निघाली आणि दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडली. त्या कॉलेजच्या रस्त्याने आजही रिक्षा गेली तर मी तोंड फिरवते. राग आहे, तो आहे. साक्रीच्या गाडीला उशीर होता, म्हणून मी स्टँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिले.

कुसुंबा, नेर मागे पडलं. पुढे डोंगर दिसायला लागले आणि त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या. कापूस वेचणाऱ्या बायका शेतात वाकलेल्या होत्या. साक्रीला साडी बदलून जीपने कॉलेजच्या फाटकाशी उतरले, तर समोर मैदान पिवळंधमक. या रिंगपासून त्या रिंगपर्यंत मका वाळत घातलेला.

प्राचार्य कौतुकाने म्हणाले, "सिमेंटची इतकी चांगली जागा आसपास दुसरी नाही मॅडम." मुलाखतीत प्रात्यक्षिक होतं. तीन साहेब कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसले आणि चपला काढून दहाबारा मुली माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मक्यात एक म्हातारी फावडं फिरवत होती. शेजारचं शेत तिचं होतं. सगळे तिला अक्का म्हणत होते. मी म्हटलं, "अक्का, थोडा वेळ मका बाजूला घेऊ का?"

"वाळना नही अजून," ती म्हणाली. "बठ्ठा (सगळा) मका तू उचलशी का?"

"उचलते," मी म्हटलं आणि पदर खोचला.

मुलींची रांग लावली. हातोहात घमेली फिरू लागली. "गुडघे वाकवा. हात छातीशी. घमेल्याकडे नाही, पुढचीच्या डोळ्यांकडे बघा." सुरुवातीला निम्मा मका सांडला. मग वैशाली नावाच्या एका उंच मुलीला लय सापडली आणि तिच्यामागे साऱ्यांना. अर्धं मैदान मोकळं झालं तेव्हा मी घमेल्याऐवजी बॉल दिला. पास वेगळा शिकवावा लागलाच नाही. शॉट दाखवायला मी धावले आणि उरलेल्या दाण्यांवरून घसरून साहेबांसमोरच बदकन बसले. मुलींनी तोंडावर हात ठेवले. आधी हसली ती अक्का.

"प्रात्यक्षिक उत्तम झालं," प्राचार्य म्हणाले. "मंजुरी तेवढी यायची आहे. तोपर्यंत तासिका तत्त्वावर (जेवढे तास, तेवढंच मानधन)."

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, सर?"

"बघू," ते पवनचक्क्यांकडे बघत म्हणाले. उद्या कळवते म्हणून मी उठले.

फाटकाशी अक्काने हाक मारली. फडक्यातून कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) काढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यामुळे आलं असं मी तिला सांगितलं.

"उनी तशीच जाशी?" (आलीस तशीच जाणार?)

"मैदानच नाही अक्का, राहून करू काय?" मी फटकन बोलले. ती पाठ वळवून मका पुन्हा पसरायला लागली.

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. एरंडोल गेलं तेही कळलं नाही. घरी दादा वाटच बघत होता.

"कायम?"

"नाही."

"मग सोमवारपासून दुकान?"

"हो," मी म्हटलं आणि शिट्टी खरंच खुंटीला अडकवली.

चहा होतो न होतो तोच फोन वाजला. वैशालीचा मेसेज होता; नंबर तिने कॉलेजातून घेतला असणार. 'मॅडम, अक्का म्हणते सोमवारपासून सकाळी दहापर्यंत मका पसरणार नाही. आम्ही किती वाजता येऊ?'

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. इतकी गावं झाली, पण माझ्या मुलींसाठी कुणी आपलं काही मागे सरकवलं नव्हतं. ज्या बाईचा मका अजून ओला होता, तिने सकाळचं ऊन देऊन टाकलं होतं.

'सातला,' मी लिहिलं आणि पाठवूनही दिलं.

मग खुंटीवरची शिट्टी काढली. "दादा, साक्रीत भाड्याने खोली मिळेल का रे?"

दादा उठला आणि माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टूल शोधू लागला.