वनमहोत्सवाचा हिरवा मांडव

लाखनीजवळच्या एका गावात मी शिक्षिका होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दर पावसाळ्यात वनमहोत्सवाची तयारी माझ्याकडे असे. खड्डे, रोपं, खुर्च्या, पाणी, हार. आदल्या दुपारपर्यंत मी सगळं उरकून टाकी. मांडव मात्र हेडमास्तर बघत. एका वर्षीचा तो मांडव आठवला की आजही तोंड कडू होतं.

आमच्याकडे लग्नाच्या मांडवावर जांभळाच्या डहाळ्या टाकतात. हिरवा मांडव म्हणजे पाहुण्याचा मान. त्या वर्षी मोठे साहेब येणार होते. जांभळाची झाडं लांब, वाटेत चिखल. शाळेच्या कुंपणाशी मात्र मोहाचं एक भरदार झाड होतं, हेडमास्तरांची नजर त्यावर गेली. जमीन सरकारी, पण त्याची फुलं शेजारच्या म्हाताऱ्या मावशीनं वेचायची, हे गावात सगळ्यांना मान्य. त्या फुलांवर तिचं वर्षाचं तेलमीठ निघायचं.

मी म्हटलं, "सर, लाखनीहून ताडपत्री आणू."

"वनमहोत्सवाले ताडपत्री? लोक हासतील नं, बाई!"

त्यांनी धाडलेली माणसं कुऱ्हाडी घेऊन मोहावर चढली. मावशी धावत आली.

"काहून तोडून राहिले जी? मी काय आता तुमची भाषणं वेचू?"

वरून एक जण हसला, "फांद्याच तं आहेत, बुढे! वापस फुटतील."

"फुटतील रे, पण फुलतील कवा? तुह्या तेरवीले?"

संध्याकाळी नुसतं खोड उरलं.

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच डहाळ्यांखाली बसून झाडं जगवा म्हणून बोलले. वर बघून म्हणाले, "व्वा, काय निसर्गरम्य मांडव!" टाळ्या पडल्या. मग निलगिरीचं एक रोप लागलं, फोटो निघाला, चिवडा संपला. बाकीची रोपं मी आणि मुलींनी भिजत लावली. चौथ्या दिवशी मांडवावरची पानं काळी पडून कुजली. हेडमास्तरांना तालुक्याहून शाबासकी आली.

पुढच्या उन्हाळ्यात, मोह फुलायच्या दिवसांत, मावशीनं सवयीनं झाडाखालचा पाचोळा झाडून जागा स्वच्छ केली. मोहाला नुसती पालवी. रोज सकाळी ती येऊन वर बघायची. मी म्हटलं, "मावशी, जंगलात इतके मोह आहेत, तिथं जा की."

"त्याईले बी वेचणारे आहेत, बाई. दुसऱ्याच्या झाडाखाली हात कसा घालू?"

शेवटी ती टोपलं घरात पालथं घालून पवनीला लेकीकडे राहायला गेली.